गोळीनें आलेलें हसूं

मनुष्यास दुःख भोगण्याचा कांहीं अधिकार आहे काय, आणि असल्यास तें दुःख औषधानें घालविणें ही स्वतःशींच प्रतारणा होय काय, हा प्रश्न वरवर पाहतां वर्गांतील चर्चेपुरता वाटतो. वर्षानुवर्षें तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकासहि तो तसाच वाटत होता. परंतु हाच प्रश्न घेऊन एक माजी विद्यार्थी माझ्या दारीं आला. मीं त्याचें उत्तर दिलें, आणि त्या उत्तराची किंमत त्याला मोजावी लागली. म्हणून हा लेख लिहिणें मला प्राप्त आहे.

हा तरुण इंदापूर तालुक्यांतला. नीरा डाव्या कालव्याचें पाणी बारामतीकडच्या उसाला जसा हात देतें, तसा तें टोंकाच्या गांवांस देत नाहीं. म्हणून तिकडील पुष्कळांप्रमाणें यानेंहि डाळिंब लावलें होतें. तेल्या रोगानें बाग गेली, कर्ज मात्र राहिलें. मग झोंप गेली, भूक गेली, आणि पुढें पुढें सकाळीं उठून बांधापर्यंत जाणेंहि त्याला अशक्य झालें. बारामतीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनीं त्यास 'अँटिडिप्रेसंट' वर्गांतील एक गोळी सुरू केली. दीड महिन्यांत तो जेवूं लागला, शेताकडे फिरकूं लागला. अशा वेळीं तो मजकडे येऊन म्हणाला, "सर, परवा मुलीच्या एका बोलण्यावर मी खळखळून हसलो. मग मनात आलं, हे हसू माझं की गोळीचं?"

प्रश्न सुंदर होता, आणि सुंदर प्रश्नावर भाळण्याची आम्हां अध्यापकांची खोड जुनी आहे. दुःख सोसूनच मनुष्य मोठा होतो, उसन्या सुखापेक्षां स्वतःचें दुःख बरें, मन घट्ट करावें, असें बरेंच कांहीं मीं त्याला ऐकविलें. त्यानें त्याच आठवड्यांत गोळी बंद केली. प्रथम चक्कर येऊं लागली, डोक्यांत विजेचे झटके बसल्यासारखें होऊं लागलें. आणि महिनाभरांत पूर्वींचा अंधार अधिक दाट होऊन परतला. एके रात्रीं त्याच्या आईचा फोन आला. "सर, तुमच्या शब्दावर त्यानं गोळी सोडली. आता तुम्हीच या." ती माउली रागावली असती तर मला बरें वाटलें असतें.

दुसऱ्या दिवशीं मी त्याच्याबरोबर दवाखान्यांत जाऊन बसलों. डॉक्टरांनीं कोणासहि दोष दिला नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "गोळी जन्माची नव्हतीच, सर. पण ती जशी बेताबेतानं चढवली, तशीच उतरवायची असते."

त्यानंतर मीं या विषयाचें वाचन केलें. तें आधीं करावयास हवें होतें. मौज अशी कीं, या औषधांचा शोध दुःखाचा विचार करीत असतां लागलेला नाहीं. १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयरोग्यांवर एका नव्या औषधाचा प्रयोग चालूं असतां, खाटेला खिळलेले रोगी अनपेक्षितपणें उल्हसित दिसूं लागले. १९५७ च्या सुमारास तेंच औषध विषण्णतेवर वापरण्यांत येऊं लागलें. पुढें यकृतास अपाय होतो असें आढळल्यानें तें मागें घ्यावें लागलें. याच्या उलट प्रकार आपल्या मुंबईंतला. डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण १९४९ सालीं जगापुढें मांडला. परंतु त्या मुळींतील रेसर्पीन घेणारे कांहीं रोगी खिन्न होतात, असें पुढें दिसून आलें. एका द्रव्यानें मन उजळतें व दुसऱ्यानें काळवंडतें, अशा निरीक्षणांवरून मेंदूंतील रसायनांच्या उणिवेची उपपत्ति उभी राहिली. सेरोटोनिन कमी झालें म्हणून नैराश्य येतें, या सोप्या विधानास पुरेसा आधार नाहीं, असें २०२२ सालच्या एका विस्तृत परीक्षणाचें म्हणणें आहे. तथापि, कारण न कळणें म्हणजे गुण नसणें नव्हे. २०१८ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकानें ५२२ चांचण्यांचा एकत्र विचार करून २१ औषधांची तुलना प्रसिद्ध केली. तींत हीं सर्व औषधें प्रौढांच्या बाबतींत औषधहीन गोळीपेक्षां सरस ठरलीं. मात्र हा सरसपणा सरासरीनें माफकच होता.

गुणाबरोबर धोकाहि येतो. गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता वगैरे त्रास मात्र पहिल्या दिवसांपासून होऊं शकतात. कित्येकांची कामेच्छा मंदावते, वृद्धांच्या रक्तांतील सोडियम उतरूं शकतें, आणि ज्याच्या विषण्णतेआड उन्मादाचें दुसरें टोंक दडलेलें असतें, त्याला ही गोळी त्या टोंकाकडे ढकलूं शकते. कोवळ्या वयांत आरंभीं आत्मघाताचे विचार वाढण्याचा संभव असतो. म्हणूनच अमेरिकेंत २००४ सालीं मुलांसाठीं या औषधांवर ठळक इशारा छापणें सक्तीचें झालें व २००७ सालीं तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसहि लागू करण्यांत आला. तेव्हां शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून हीं औषधें आणणें व प्राध्यापकाच्या सल्ल्यानें तीं सोडणें, हीं दोन्ही कृत्यें सारखींच अविचाराचीं होत.

यावर कोणी विचारील, बाग रोगानें गेली, कर्ज डोक्यावर आहे, कालव्याला पाणी नाहीं. मग शेतकऱ्याला गोळी देऊन गप्प करावयाचें काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. ज्या दुःखाचें उत्तर सरकारानें, बँकेनें वा समाजानें द्यावयाचें, त्याची चिठ्ठी औषधाच्या दुकानीं पाठविणें हा अन्यायच होय. तसेंच जिवलगाच्या मृत्यूनें होणारा प्रत्येक शोक म्हणजे रोग नव्हे; त्याला काळ व माणसें यांचीच गरज असते. परंतु दुःखाला कारण आहे, एवढ्यावरून तो रोग नाहीं असें ठरत नाहीं. आणि रोग आहे, एवढ्यावरून दुःखाला कारण नाहीं असेंहि ठरत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याचें कर्ज गोळीनें फिटलें नाहीं. पण पुन्हां औषध सुरू झाल्यावर तो स्वतःच्या पायांनीं बँकेंत गेला, कागद पुढें ठेवून हप्त्यांविषयीं भांडला. भांडण्याचें बळ त्याला अंथरुणांत मिळालें नसतें.

आषाढाच्या वारीसाठीं तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवडी, निमगांव-केतकी या वाटेनें इंदापुरास येते. वाटेंत जागोजागीं डॉक्टर व स्वयंसेवक वारकऱ्यांच्या पायांचे फोड धुतात, मलम लावतात, दुखण्यावर गोळी देतात. मलम लावलें म्हणून त्याची वारी खोटी झाली, असें कोणी म्हणत नाहीं. पंढरीला मलम पोंचवीत नाहीं, पायच पोंचवितात. परंतु फोड आलेल्या पायाला "श्रद्धेनें चाल" एवढेंच सांगणारा मनुष्य निर्दय तरी असतो, नाहीं तर तो स्वतः कधीं चाललेला नसतो. मी त्या दिवशीं तसाच वागलों. उलट, मलमाच्या तंबूंतच मुक्काम ठोकणें हीहि वारी नव्हे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत असें दिसलें कीं, नैराश्यानें ग्रासलेल्यांपैकीं बहुसंख्यांपर्यंत कोणताच उपचार पोंचत नाहीं. त्यांस अडविणाऱ्या गोष्टींत अंतर व पैसा आहेच. पण मजसारख्या शहाण्यांचे उपदेशहि आहेत. दवाखाना दूर असेल त्याच्यासाठीं १४४१६ हा शासनाचा 'टेलिमानस' क्रमांक २०२२ पासून चालूं आहे. मदतीसाठीं हांक मारण्यांत लाज ती कसली? बारामतीच्याच मोरोपंतांनीं देवाला घातलेल्या आपल्या आर्त सादेस 'केकावलि', म्हणजे मोराच्या हांकांची माला, असें नांव दिलें.

आतां त्या तरुणाची मात्रा डॉक्टरांनीं निम्म्यावर आणली आहे. मध्यंतरीं तो भेटला, तेव्हां त्याच्या जुन्या प्रश्नाचें काय झालें, असें मीं त्याला विचारलें. तो म्हणाला, "सर, हसू कोणाचं ते अजून ठरलं नाही. पण मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही पुन्हा हसा."

प्रश्न अद्यापहि सुंदर आहे, आणि वर्गांत मी तो विचारीतच राहीन. मात्र तो घेऊन कोणी माझ्या दारीं आला, तर प्रथम त्याला बसवून मी इतकेंच विचारीन कीं, बाबा, रात्रीं झोंप लागते कां, दोन घास जातात कां. तत्त्वज्ञान त्यानंतर.