बावन्नातून सत्तावीस

तिसरीच्या फळ्यावर ५२ − २७ लिहावं आणि मुलांना आपापलं सोडवू द्यावं. थोड्या वेळानं वह्या टेबलावर येतात. समजा, त्यातल्या तीन शेजारी शेजारी ठेवल्या. पहिलीत उत्तर २५, दुसरीत २५, तिसरीत ३५. दोन बरोबरच्या खुणा, एक फुली, वह्या परत. आपल्याकडे तपासणी बहुधा इथं संपते. ती इथून सुरू व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्या तिघांना एकेक करून जवळ बोलवा आणि विचारा, ‘कसं केलंस?’ पहिला बोटं मोजत बावन्नवरून एकेक खाली उतरलेला असतो: एक्कावन्न, पन्नास, एकोणपन्नास... अशी सत्तावीस वेळा. दुसरी सांगते, ‘सत्तावीसात तीन घातले की तीस, वीस घातले की पन्नास, वर दोन. झाले पंचवीस.’ आणि तिसरा ठामपणे म्हणतो, ‘दोनातनं सात जात नाहीत, म्हणून सातातनं दोन काढले. मोठ्यातनं बारकं काढायचं असतं की!’

आता गुणांची मांडणी बदलते. पहिल्याचं उत्तर बरोबर आहे, पण त्याला दशक दिसतच नाही, तो सगळं एककांतच मोजतो. शेकड्यांची वजाबाकी आली की बोटं पुरणार नाहीत आणि तो अचानक ‘कच्चा’ ठरेल. तसा तो आजही कच्चाच आहे, बरोबरच्या खुणेनं ते झाकलं एवढंच. तिसऱ्यानं तर धांदरटपणा केलेलाच नाही. बिनहातच्याच्या वजाबाक्यांत वरचा अंक कायम मोठा होता, ‘मोठ्यातून लहान काढ’ असंच कानावर पडत होतं, आणि त्या नियमानं त्याला दर वेळी बरोबरची खूण मिळाली होती. त्यानं तोच नियम पुढं चालवला. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईनं अभ्यास मांडला. यातल्या बऱ्याच चुका वाटेल तशा होत नाहीत, त्यांच्यामागं एक ठरावीक पद्धत असते आणि मूल ती इमानानं पाळतं, असं त्यांनी दाखवून दिलं. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणं घालून काय साधणार? त्याचा चुकीचा नियम वीस वेळा घोटला जाईल. त्यापेक्षा त्याच्या हाती दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये द्यावेत आणि सत्तावीस रुपये मागावेत. नोट मोडल्याशिवाय सात रुपये देता येत नाहीत, हे त्याचं त्यालाच कळेल.

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात हीच वजाबाकी दिवसभर चाललेली असते. त्रेसष्टची भाजी घेऊन शंभराची नोट दिली, तर भाजीवाली मावशी शंभरातून त्रेसष्ट वजा करत बसत नाही. त्रेसष्ट, सत्तर, शंभर असं म्हणत ती आधी सात आणि मग तीस हातावर ठेवते. आपल्या उदाहरणातल्या दुसऱ्या मुलीची रीत हीच आहे. बाजारात आईशेजारी बसणाऱ्या किंवा डाळिंबाच्या हंगामात क्रेट मोजणाऱ्या पोरांकडे हे गणित असतं, पण वहीत उभी मांडणी आली की तीच पोरं गप्प होतात. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या लेखकांत आहेत. बाजारात अवघड हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेतल्या पद्धतीच्या साध्या गणितांत अडखळली. शाळेतली मुलं बाजारी हिशेबात त्यांच्याही मागं पडली. म्हणजे तोटा दोन्हीकडं आहे. मुलीची रीत पुस्तकातली नाही म्हणून तिच्यावर काट मारणं हा मला मोठा अन्याय वाटतो.

शाब्दिक उदाहरणांचं दुखणं वेगळं आहे. ‘रमाकडे ८ क्रेट आहेत. ते सलीमच्या क्रेटपेक्षा ३ ने जास्त आहेत. सलीमकडे किती?’ पुष्कळ मुलं ११ सांगतील, कारण ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, अशी किल्ली आपणच त्यांच्या हातात दिली आहे. परीक्षेपुरती ती चालते, पण तिनं मूल वाचणं सोडून शब्द हुडकायला लागतं. इथं उत्तर विचारण्याआधी, ‘कुणाकडे जास्त आहेत?’ एवढंच विचारून पाहावं.

कधी कधी गोष्ट वजाबाकीपर्यंत पोचतच नाही. ‘बावन्न’ ऐकून मूल २५ लिहितं, आणि चूक वजाबाकीच्या खात्यावर जमा होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ऐवजी ‘वीस सात’ अशा वाचनाची सोय दिली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे सांगितलं होतं: मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात. तो उपाय पटो वा न पटो, अडचण खरी आहे. तोंडी विचारताना संख्या नीट ऐकली आणि लिहिली का, हे आधी पाहायलाच हवं.

२००५ साली सुरू झालेल्या ‘असर’ सर्वेक्षणातले कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन एकेका मुलासमोर बसतात आणि दोन अंकी, हातच्याची वजाबाकी घालतात. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना किमान ती वजाबाकी आली. देशाला जागं करायला हा आकडा लागतोच. पण वर्गातल्या गुरुजींना त्याहून वेगळं हवं असतं: ज्यांना आली नाही त्यांचं नेमकं कुठं अडलं, आणि ज्यांना आली त्यांनी ती कोणत्या वाटेनं केली.

दोन शिक्षकांच्या शाळेत, चार वर्ग सांभाळत प्रत्येकाशी बोलायला वेळ कुठला, हा प्रश्न खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. मात्र सगळ्यांना एकाच दिवशी विचारायचं कारण नाही. रोज दोन मुलं, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं, एवढं धरलं तरी तीस मुलांचा वर्ग पंधरा दिवसांत होतो. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत ‘वजाबाकी करतो’ असं लिहिण्याऐवजी ‘दशक मोडून घेतो, पण ३०२ मध्ये मधलं शून्य आलं की अडतो’ असं लिहावं. पहिली नोंद साहेब पाहतील आणि पान उलटतील. दुसरीवरून उद्या काय शिकवायचं ते ठरतं. वर्ग पुढच्या शिक्षकाकडे गेला, तर त्यालाही ती उपयोगी पडते.

आणखी एक, आणि हे घरच्यांसाठीही आहे. ‘कसं केलंस?’ आपण बहुधा चुकलं तरच विचारतो. मुलं हुशार असतात. प्रश्न आला की ती न बोलता उत्तर खोडू लागतात. म्हणून आज संध्याकाळी मुलाची वही हातात घ्याल, तेव्हा त्याचं एखादं बरोबर आलेलं गणित निवडा, ‘हे कसं केलंस, मला सांग ना’ म्हणा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.