नारू, अहिंसा आणि गाळलेले पाणी

परजीवी म्हणजे दुसऱ्या जिवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याच अन्नरसावर जगणारा आणि त्याचे कमीअधिक नुकसान करणारा जीव. पोटातले जंत, गुरांवरची गोचीड, डोक्यातली ऊ, हिवतापाचे जंतू आणि आंब्याच्या फांदीवरचे बांडगूळ हे सारे या व्याख्येत बसतात. मराठीत बांडगूळ ही शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणे वाईट, हा निवाडा भाषेने केव्हाच देऊन टाकला आहे. पण दोष लागायला निवड करता यावी लागते, आणि जंताला ती नाही. शिवाय बांडगुळाची फळे खाऊन फुलटोचा पक्षी जगतो आणि त्याचे बी दुसऱ्या झाडावर नेतो. शिवी दिल्याने प्रश्न सुटत नाही. दुसऱ्याला दुखवल्याशिवाय ज्याला जगताच येत नाही अशा निरपराध जिवाशी, हिंसा टाळू पाहणाऱ्या माणसाने कसे वागावे? त्याचे कूळच संपवण्याचा अधिकार माणसाला आहे का?

युरोपात या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. 22 मे 1860 रोजी चार्ल्स डार्विनने अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्र लिहिले. काही गांधीलमाश्या जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले अळीला आतून खात वाढतात. दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने असा जीव मुद्दाम घडवला असेल, हे डार्विनच्या मनाला पटेना. भारतीय परंपरेत अशाच एका माशीचा अगदी निराळा अर्थ लावला गेला. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये शेवटचा गुरू आहे भिंतीत घर करणारा कीटक. त्याने कोंडलेली अळी भीतीने त्याचेच ध्यान करत अखेर त्याच्यासारखी होते, असा तो दृष्टांत. एकनाथांच्या भागवतटीकेमुळे तो महाराष्ट्रात घरोघरी गेला. निसर्गात घडते ते असे: कुंभारीण माशी अळीला नांगी मारून लुळी करते, मातीच्या घरात कोंडते, आणि बाहेर पडते ते अळी खाऊन वाढलेले माशीचे पिल्लू. दृष्टांताचे आध्यात्मिक मोल याने कमी होत नाही, कारण तो ध्यानाविषयी आहे. मात्र त्यात अळीचे दुःख दिसेनासे होते, हे मान्य करायला हवे. डार्विनला तेच दिसले.

ज्या दर्शनाने या सूक्ष्म जिवांकडे सर्वांत बारकाईने पाहिले ते जैन दर्शन. जग घडवणारा ईश्वर ते मानत नाही, म्हणून डार्विनची अडचण तिथे उभीच राहत नाही. जीव इंद्रियांवरून ओळखले जातात: कृमी आणि जळवा द्वींद्रिय, उवा आणि मुंग्या त्रींद्रिय, माश्या आणि डास चतुरिंद्रिय. म्हणजे जंतालाही स्पर्श आणि चव आहे, त्यालाही दुःख आहे. गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. स्वयंपाकपाण्यात घडणारी आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यातली उद्योगी आणि स्वसंरक्षणातली विरोधी हिंसा गृहस्थाने होईल तितकी कमी करायची. ठरवून केलेली संकल्पी हिंसा मात्र पूर्ण वर्ज्य. पाणी कापडाने गाळून प्यायचे, आणि कापडावर अडकलेले जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद परत सोडायचे, हा आचार याच विचारातून आला.

हे सारे तत्त्व एका खऱ्या परजीवीवर, नारूवर, तपासून पाहता येते. नारूची मादी सुताच्या दोऱ्यासारखी, जवळजवळ मीटरभर लांब वाढते. पाण्यातला सायक्लॉप्स हा जेमतेम डोळ्यांना दिसणारा जीव नारूची पिल्ले गिळतो. ते पाणी माणूस पितो, आणि सुमारे वर्षभराने मादी बहुधा पायाच्या कातडीखाली येऊन फोड उठवते. फोडाची आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि त्याच क्षणी ती असंख्य पिल्ले पाण्यात सोडते. वेदना हा इथे योगायोग नाही, नारूचा वंश चालण्याची ती वाटच आहे. पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालता येईल अशा विहिरी आणि बारवा या चक्राला सोयीच्या होत्या. नारूवर लस नाही, मारक औषध नाही. एकदा होऊन गेला तरी पुन्हा होतो. काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढणे हाच पिढ्यानुपिढ्यांचा उपाय. मध्येच तुटला तर जखम चिघळायची, आणि ऐन पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळायचा.

भारतात 1984 साली महाराष्ट्रासह सात राज्यांत सुमारे 40,000 रुग्ण नोंदले गेले होते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा सुधारणे, हातपंप बसवणे, पाणी गाळायला लावणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे या साध्या कामांवर मोहीम उभी राहिली. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. कामाला आले ते गाळण्याचे कापडच. जीव वाचवण्यासाठी धरलेल्या कापडाने माणूसही वाचतो. सायक्लॉप्स परत पाण्यात गेला तरी त्याच्या पोटातली पिल्ले माणसापर्यंत न पोहोचल्याने पुढे वाढत नाहीत, आणि नारू कुणी न मारता संपतो. वस्तुस्थिती मात्र इतकी निर्मळ नव्हती. अनेक ठिकाणी सायक्लॉप्स मारण्यासाठी पाण्यात टेमेफॉस घालावे लागले, आणि मोहिमेचा उद्देशही नारू नाहीसा करणे हाच होता. ती संकल्पी हिंसाच, असे कडक जैन दृष्टीने म्हणता येईल. तरीही नारूचे नाहीसे होणे न्याय्य ठरते. त्याची प्रत्येक पिढी कुणाच्या तरी उघड्या जखमेतूनच जन्माला येते, आणि ही वाट अडवायला कुणालाही छळावे लागत नाही. ही वाट न अडवणे हीच पाणी पिणाऱ्यावरची हिंसा ठरली असती.

हा न्याय सगळ्या परजीवींना लावता येत नाही. कॅलिफोर्नियातले कॉन्डोर हे प्रचंड गिधाड 1980 च्या दशकात नामशेष होण्याच्या काठावर होते. उरलेले पक्षी पकडून त्यांची पैदास करताना त्यांच्यावरच्या उवा औषधाने मारल्या गेल्या. केवळ याच पक्ष्यावर राहणारी उवांची एक जात त्यात कायमची नष्ट झाली. ती पक्ष्याला फारसा अपाय करत होती असे दिसत नाही. ही हिंसा निष्काळजीपणाची होती, तिचे समर्थन करता येत नाही. परजीवी निसर्गाचे व्यवहारही चालवतात. जपानमधल्या एका ओढ्याच्या अभ्यासात दिसले की केसासारखा एक कृमी रातकिड्यांसारख्या कीटकांना पाण्यात उडी घ्यायला लावतो, आणि ओढ्यातल्या ट्राऊट माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 60 टक्के ऊर्जा या कीटकांतून येते. गुरांना जंतांसाठी दिलेले आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडते आणि शेण जमिनीत मुरवणाऱ्या भुंग्यांना अपाय करते. गुराचा जंत, शेणकिडा आणि शेताची माती एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून उपचार रोगी जनावरापुरता आणि नेमका असावा.

नारूचा शेवटचा अध्याय याच गुंत्यात आहे. हा माणसांचा रोग समजला जात होता, पण 2012 पासून आफ्रिकेतल्या चाड देशात कुत्र्यांतही तो सापडू लागला. मासे साफ करून टाकलेली आतडी खाल्ल्याने कुत्र्यांना लागण होत असावी असे मानले जाते. कुत्री मारून टाकणे हा झटपट मार्ग वाटला असता. तिथली गावे तसे करत नाहीत. लागण झालेले कुत्रे नारू पूर्ण बाहेर येईपर्यंत बांधून ठेवले जाते, त्याला खायला आणि स्वच्छ पाणी दिले जाते आणि माशांची आतडी जमिनीत पुरली जातात. 1986 साली जगात नारूचे अंदाजे 35 लाख रुग्ण होते. 2024 मध्ये माणसांत 15 रुग्ण आढळले, प्राण्यांत मात्र अजून शेकडो.