आठ अंशांच्या अलीकडे-पलीकडे

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातला केळी उत्पादक हवामान आधारित फळपीक विम्याचा हप्ता भरतो, तेव्हा विमा त्याच्या बागेचा उतरत नाही. उतरतो तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्याचा. हिवाळ्यात तिथला पारा सलग तीन दिवस ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिला, तर मंडळ पात्र. दोन दिवस राहून तिसऱ्या पहाटे साडेआठ झाला, तर सगळं मंडळ अपात्र. तापीकाठच्या सखल रानात पहाटे थंड हवा साचते, कांदेबाग हंगामातल्या केळीची वाढ खुंटते, निसवणीला आलेला घड खोडातच अडकतो. केंद्र वस्तीजवळ, भिंतींच्या आडोशाला असेल, तर यातलं त्याला काहीच कळत नाही.

ही पद्धत आली त्यामागे हेतू चांगला होता. पंचनाम्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागू नये आणि पैसे लवकर मिळावेत. पण २०२२-२३ च्या हंगामात आणखी एक मोजमाप मध्ये आलं. लागवडीची पडताळणी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून झाली, आणि बाग उभी असताना केळी दिसत नाही म्हणून दावे अडकल्याच्या तक्रारी जळगाव जिल्ह्यातून आल्या. न लावलेल्या केळीचाही विमा काढला जातो, हे खरं आहे, आणि त्याला आळा बसायलाच हवा. मात्र त्यासाठी ज्याची बाग खरी आहे, त्यानेच आपली बाग आहे हे सिद्ध करत का फिरावं? छायाचित्र कोणत्या तारखेचं, ढग किती होते, शेजारच्या गटाची हद्द कुठे धरली, हे त्याला कोणी दाखवत नाही.

विमा म्हणजे फरक करणंच, हे मला मान्य आहे. जोखीम वेगळी तर हप्ता वेगळा. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा जोखीम मोजायला अवघड म्हणून तिच्या जागी हाताशी असलेली एखादी खूण धरली जाते. परदेशी कंपन्या एकेकाळी हिंदी माणसाच्या आयुर्विम्याला जादा हप्ता लावत. त्यांच्यासाठी वंश हीच खूण होती. १८७० साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसांचा विमा नेहमीच्या दराने उतरवला. पुढे सरकारी आयुर्विमा महामंडळानेही एक मुदत विमा फक्त सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांतल्या पगारदारांपुरता ठेवला होता. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट समतेच्या हक्काविरुद्ध ठरवली. पगाराची पावती नसलेला शेतकरी लवकर मरतो, असं कुठल्याही गणितात नव्हतं.

आज अशी खूण जात किंवा लिंग उघडपणे विचारत नाही, म्हणून ती पकडणं कठीण झालं आहे. धुळे जिल्ह्यात साक्री-शिंदखेड्याकडे बटाईने कांदा-कापूस करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. विम्यासाठी त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तो करून द्यायला जमीनमालक सहसा तयार नसतो, कारण कूळ लागण्याची भीती. शेतात राबणाऱ्या बाईचं नावही बहुधा उताऱ्यावर नसतं. नियमात दोघांविरुद्ध एक शब्द नाही, तरी दोघंही बाहेरच राहतात. आरोग्य विम्यात हेच काम पत्ता करतो. काही पॉलिसींत धुळ्या-जळगावच्या ग्राहकाला हप्ता कमी असतो, पण मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा काही हिस्सा त्याने स्वतः भरायचा. कर्करोगाचा खान्देशी रुग्ण मुंबईच्या टाटा रुग्णालयात हौसेने जातो का?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२१ साली कायदा करून विमा कंपन्यांवरच ओझं टाकलं: बाहेरून मिळवलेली माहिती आणि संगणकाची सूत्रं वापरायची असतील, तर त्यांतून वंश, लिंग, अपंगत्व अशा कारणांनी अन्याय्य भेदभाव होत नाही ना, हे कंपनीने तपासायचं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एवढी ताकद नाही. पण ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असावी, ही जबाबदारी त्यात माहिती वापरणाऱ्यावर आहे. पीकविम्यापुरता तेवढा धागा मला पुरेसा वाटतो.

बाजारात ग्राहकाला एक कंपनी सोडून दुसरीकडे जाता येतं. पीकविम्यात तीही सोय नाही. राज्य सरकार निविदा काढून जिल्ह्यासाठी कंपनी नेमतं आणि शेतकऱ्याला तीच घ्यावी लागते. म्हणूनच सरकारची जबाबदारी इथे मोठी आहे. हवामान केंद्राचे रोजचे आकडे त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. दावा नाकारताना कोणत्या छायाचित्रावरून किंवा नोंदीवरून नाकारला, ते मराठीत लेखी द्यावं. हरकत आली, तर ठरलेल्या दिवसांत सहायक कृषी अधिकाऱ्यासह कंपनीचा माणूस बांधावर यावा, आणि तो आला नाही तर दावा मंजूर धरावा. पुढच्या निविदेच्या मसुद्यात या अटी घालायला विधिमंडळात नवा कायदा आणण्याचीही गरज नाही.