बिनविरोधाची किंमत

नाशिक जिल्ह्यातलं उमराणे हे कांद्याच्या लिलावासाठी ओळखलं जाणारं गाव. २०२० सालच्या अखेरीस ते वेगळ्याच लिलावामुळे राज्यभर गाजलं. ग्रामपंचायतीची सत्ता कुणाच्या हाती द्यायची यासाठी बोली लागली आणि ती दोन कोटी पाच लाखांवर जाऊन थांबली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत अशीच बोली ४२ लाखांची झाली. पैसा देवळाच्या कामाला जाणार होता आणि निवडणूक बिनविरोध होणार होती. लिलावाच्या बातम्या आणि चित्रफिती बाहेर आल्या, राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले आणि जानेवारी २०२१मध्ये दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

आयोगाने योग्य तेच केलं. मात्र या प्रकरणानंतरही एक युक्तिवाद ताठ मानेने उभा आहे, आणि त्याचा समाचार घ्यायला हवा. लिलाव वाईट, पण बिनविरोध निवडणूक हाच गावाचा आदर्श, असं सांगणारे पुष्कळ आहेत. निवडणुकीने भावकी फुटते, दारू वाहते, पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद होतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यावरचा त्यांचा उपाय मात्र घातक आहे. त्याच हंगामात काही आमदारांनी बिनविरोध होणाऱ्या गावांना २५ लाखांचा निधी जाहीर केला होता. गुजरातेत २००१ पासून ‘समरस’ योजनेतून अशा पंचायतींना सरकारच बक्षीस देत आलं आहे.

उमराण्यात विरोध विकत घेण्यासाठी खासगी पैसा पुढे आला, बक्षीस योजनांत सार्वजनिक पैसा येतो. फरक एवढाच. ज्या गावाला २५ लाखांची आशा दाखवली आहे, तिथे एखाद्या भूमिहीन बाईने अर्ज भरला तर ती उमेदवार राहत नाही, गावाचं नुकसान करणारी ठरते. अर्ज मागे घ्यायला तिच्या दारात कोण कोण येऊन बसेल, हे खेड्यात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी सर्वांत सरळ पोचले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात जिल्हा विधी ग्रंथालयात वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी मांडल्या. पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी पार पडली होती, काँग्रेसला प्रचंड बहुमत होतं आणि स्वतः आंबेडकर उत्तर मुंबईतून पराभूत झाले होते. अशा वेळी समाजात घोर विषमता नको, या अटीनंतर त्यांनी विरोधी पक्षाचं अस्तित्व ही अट ठेवली. राज्य करणाऱ्यांच्या सत्तेला कुठे तरी नकार देण्याची सोय असणं, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. मतदार पाच वर्षांनी तो नकार बजावतो, पण तेवढ्याने भागत नाही. सत्तेला रोजच्या रोज जाब विचारणारं कुणी तरी लागतं. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळतं, याकडे त्यांनी मुद्दाम लक्ष वेधलं.

हा विचार त्यांच्या मनात दिल्लीच्या संसदेपुरता नव्हता. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी वेगळ्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला होता. गाव एका आवाजात बोलतं तेव्हा तो आवाज कुणाचा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मदुराई जिल्ह्यातल्या पाप्पापट्टी आणि कीरीपट्टी या गावांनी त्याचा पुरावा दिला. १९९६ साली तिथलं पंचायत अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झालं. त्यानंतर दहा वर्षं प्रबळ जातीने निवडणुकीची वासलात लावली. कधी अर्जच भरू दिले नाहीत. कधी आपल्या मर्जीतला माणूस निवडून आणला आणि त्याच्याकडून लगेच राजीनामा लिहून घेतला. २००६मध्ये प्रशासनाने ठाम पवित्रा घेतला तेव्हा कुठे खरी निवडणूक झाली. त्या दहा वर्षांतही गावात ‘एकमत’ होतंच.

मग एकमत नेहमीच संशयास्पद मानायचं का? इथे गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आडवं येतं. या गोंड गावाची ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. याच ग्रामसभेने २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे अभ्यासगटांत चर्चा चालते, बायाबापड्या बोलतात आणि मतभेद मिटले नाहीत तर निर्णय पुढे ढकलला जातो. म्हणजे एका माणसाचा ‘नाही’सुद्धा सभेला थांबवू शकतो. मेंढ्याकडे पाहिल्यावर मांडणी बदलावी लागते. दोन पॅनेल समोरासमोर उभी राहणं ही लोकशाहीची अपरिहार्य खूण नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याला गावात सुरक्षित राहता येणं ही आहे. उमराण्याच्या बोलीत आणि २५ लाखांच्या बक्षिसात नेमकी हीच गोष्ट नाहीशी होते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात सुमारे तीस वर्षं बिनविरोध कारभार चालला. २०२१मध्ये मात्र काहींनी अर्ज भरले आणि मतदान झालं. इतकी वर्षं गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. गाव फुटलं नाही. उलट इतक्या वर्षांचा विश्वास पहिल्यांदाच मतपेटीत मोजला गेला.

दुखणं फक्त खेड्यांचं नाही. एप्रिल २०२४मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल मतदानाआधीच खासदार झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ५३ याला वाट देतं. महाराष्ट्राच्या निवडणूक आयोगाने २०१८मध्ये स्थानिक निवडणुकांत ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा चांगला आदेश काढला, पण एकच उमेदवार उरला की मतदानच होत नाही, आणि जिथे त्या आदेशाची सर्वांत जास्त गरज असते तिथेच तो निरुपयोगी ठरतो.

उपाय अवघड नाहीत. बिनविरोध गावांसाठीची सगळी बक्षिसं बंद करावीत. माघार घेणाऱ्या प्रत्येक उमेदवाराचा जबाब अधिकाऱ्याने बाकी कुणी हजर नसताना नोंदवावा. आणि रिंगणात एकच नाव उरलं तरी मतदान व्हावं, यंत्रावर त्या नावाखाली ‘नोटा’चं बटण असावं. खर्चाचं कारण पुढे करणाऱ्यांनी त्या खर्चाशेजारी २५ लाखांचं बक्षीस मांडून पाहावं.