किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे छायाचित्र आणि सत्याची कसोटी

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात आणि वाळूत चरणाऱ्या पक्ष्यांचे छायाचित्र दोन टप्प्यांत घडते. पहिला टप्पा किनाऱ्यावरचा, कॅमेऱ्याची कळ दाबण्याचा. दुसरा संगणकावरचा, संपादनाचा. उजेड वाढवला, चौकट कापली, रंग सुधारले, नको ती वस्तू पुसली, तर चित्र कुठपर्यंत खरे राहते? हा प्रश्न नीतीचा आहे, तितकाच ज्ञानाचाही आहे.

त्याचा विचार करायला पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्य एक काटेकोर चौकट देते. दुसऱ्या पादातील तिसाव्या सूत्रात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम येतात. त्यांतील सत्याचा अर्थ भाष्यकार असा सांगतात : जसे पाहिले, अनुमानाने जाणले किंवा ऐकले, तसेच मन आणि वाणी असणे. वाणीचे काम आपला बोध दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचे असल्यामुळे तिच्यात तीन दोष नसावेत. ती फसवी नसावी, भ्रमातून आलेली नसावी आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध होणार नाही अशी निष्फळही नसावी. शिवाय ती प्राणिमात्रांच्या हितासाठी असावी. जिने जीवांचा घात होतो, ती वरवर खरी असली तरी सत्य ठरत नाही. छायाचित्रही एकाचा बोध दुसऱ्याकडे नेते, म्हणून ही कसोटी त्यालाही लागू पडते.

‘जसे पाहिले तसे’ ही अट कॅमेऱ्याच्या बाबतीत सरळ राहत नाही. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात. पांढरा रंग कशाला मानायचा आणि सावली किती गडद ठेवायची, हे कॅमेऱ्यातील प्रणाली नाहीतर संपादक ठरवतो. त्यामुळे पूर्णपणे असंपादित असे डिजिटल छायाचित्र नसतेच. ‘काहीही बदललेले नाही’ हा दावा सत्याचा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरी अडचण काळाची आहे. वर्तन काळात पसरलेले असते आणि चौकट क्षणाची असते. चिखल्या हा पक्षी डोळ्यांनी भक्ष्य हेरतो : थोडे धावतो, थबकतो, टिपतो. तुतारी मात्र चोच चिखलात खुपसून मुख्यतः स्पर्शाने शोध घेते. एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात टिपलेल्या चित्रात धावही दिसत नाही, थबकणेही नाही; दिसते ती कोणत्याही डोळ्याने वेगळी न पाहिलेली एक स्थिती. तरी ते चित्र खोटे नाही. जैन तर्कशास्त्रात वस्तूच्या एका अंगाचे ज्ञान म्हणजे नय, आणि तेच अंग म्हणजे संपूर्ण वस्तू असा हट्ट म्हणजे दुर्नय. चौकट हा नय आहे. आधी आणि नंतर काय घडले हे सांगणारी ओळ किंवा क्रमाने मांडलेली चित्रमालिका त्याला दुर्नय होऊ देत नाही.

संपादनाचे मोजमाप भाष्यातील तीन दोषांनी नेमके होते. पहिला दोष फसवणुकीचा. लाटेच्या काठावर धावणारा सँडरलिंग कधी चरण्याची जागा राखतो. पाठीची पिसे फुलवून, मान खाली घालून प्रतिस्पर्ध्यावर चालून जातो. चौकट नीटस दिसावी म्हणून तो प्रतिस्पर्धी पुसला, तर धमकावणारा पक्षी अन्न शोधणारा वाटू लागतो. पुसलेला भाग लहान असतो, पण वर्तनच बदलते. उलट, संवेदकावरच्या धुळीचा डाग काढल्याने पक्ष्याबद्दलच्या बोधात काहीच फरक पडत नाही. किती बिंदू बदलले यापेक्षा पाहणाऱ्याची समजूत बदलली का, हे महत्त्वाचे.

दुसरा दोष भ्रमाचा. यात फसवण्याचा हेतू नसतो. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात, टेमिंक टिलव्याचे पिवळट-हिरवे. रंगछटा जरा उबदार केली की ओळखीची खूण डळमळते. हिवाळ्यात करडी असलेली बाकचोच तुतारी परतीच्या प्रवासाआधी विटकरी होऊ लागते. रंग भडक केल्यास हा बदल कुठवर आला ते कळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची काही साधने अस्पष्ट पिसे रेखीव करताना इतर चित्रांवरून शिकलेला तपशील भरतात. तो तपशील त्या पक्ष्याचा नसतो.

तिसरा दोष निष्फळतेचा. तो संपादन न केल्याने घडतो. भर उन्हातील काळ्या ओल्या चिखलावर शेकाट्याचे पांढरे अंग चमकते आणि चोचीतील कीटक सावलीत हरवतो. सावली उजळून, चौकट कापून तो कीटक दाखवणे ही सजावट नव्हे; जे घडले ते कळावे यासाठी ते करायलाच हवे.

मात्र सर्वांत मोठे असत्य संगणकाआधीच, किनाऱ्यावर घडू शकते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने आपल्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेतील 2017चे एक पारितोषिक 2018मध्ये परत घेतले. चित्रातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला होता. आक्षेप संपादनावर नव्हता, कॅमेऱ्यासमोर असलेल्या प्राण्यावर होता. थवा मुद्दाम उडवून घेतलेले उड्डाणाचे चित्र याच प्रश्नात अडकते. त्याला सहज उड्डाण म्हणून दाखवले की एकही बिंदू न बदलता ते फसवे होते, कारण त्यात दिसते ती भीती.

इथे भाष्यातील यमांचा क्रम अर्थपूर्ण ठरतो. अहिंसा पहिली आहे आणि बाकीचे यम तिच्यात रुजलेले मानले आहेत. ठाण्याच्या खाडीत किंवा अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारे अनेक पक्षी उत्तरेकडच्या दूरच्या प्रदेशांतून येतात. किनाऱ्यावर चरणाऱ्या पक्ष्यांपैकी काहींचा प्रवास थक्क करणारा असतो : 2022मध्ये एका तरुण गॉडविट पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे सुमारे 13,560 किलोमीटरचे अंतर न थांबता 11 दिवसांत पार केले. असा प्रवास साठवलेल्या चरबीवर होतो आणि ती चरबी दोन भरतींमधल्या मोजक्या वेळात खाऊन साठवायची असते. प्रत्येक विनाकारण उड्डाणाचा खर्च त्या साठ्यातून होतो. घरट्यापाशी धोका आणखी मोठा असतो : टिटवी माणसावर झेप घेत राहते तेवढा वेळ उघड्या जमिनीवरची तिची अंडी उन्हात तापतात. म्हणून घरट्याचे अचूक ठिकाण चित्रासोबत जाहीर करणे ही खरी माहिती असूनही भाष्याच्या अर्थाने सत्य नव्हे.

सत्य आणि अहिंसा या कामात एकमेकांच्या आड येत नाहीत. भरती चढू लागण्याआधी जागा धरून खाली, निश्चल बसले की पाणीच पक्ष्यांना किनाऱ्याकडे सरकवते आणि ते आपल्या व्यवहारात मग्न राहतात. जिथे पक्ष्याला त्रास नाही, तिथेच त्याचे खरे वर्तन दिसते. त्यानंतर संपादनाला एकच काम उरते : ते वर्तन पाहणाऱ्याला स्वच्छ कळावे आणि त्यात मुळात नसलेले काही मिसळू नये.