‘गुन्हा दाखल आहे काय?’

वर्धा नदीच्या अलीकडे आमचा यवतमाळ जिल्हा, पलीकडे वर्धा. कळंबहून देवळीकडे जाताना मध्ये पूल लागतो. अलीकडच्या दुकानातून रीतसर घेतलेली बाटली पलीकडे नेली की गुन्हा होतो, कारण वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. पण त्या काळात नोंदलेला गुन्हा बंदी उठली म्हणून आपोआप पुसला जात नाही.

हे आठवण्याचं कारण साक्षांकन नमुना. लोहाऱ्यातली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. ज्यांचं तिथं जमत नाही, त्यातली काही एमआयडीसीत सुरक्षारक्षक होतात. खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या २००५च्या कायद्यानं रक्षकाचीही चारित्र्य पडताळणी लागते. सरकारी नोकरीच्या नमुन्यात तर थेट विचारतात: कधी अटक झाली होती काय? गुन्हा दाखल आहे काय?

माझ्या ओळखीचा एक मुलगा लग्नघरी बाटल्या नेताना पुलापलीकडे सापडला. पुढं निर्दोष सुटला. भरतीत निवड झाल्यावर त्यानं मला विचारलं, “काका, सुटलो ना मी, मग लिहायचं कशाला?”

मी त्याला २०१६चा अवतार सिंग खटल्यातला निकाल समजावून सांगितला. सर्वोच्च न्यायालय म्हणतं, माहिती खरी द्या. क्षुल्लक गुन्हा लपवला असेल तर नोकरी देणाऱ्याला तो माफ करता येईल. याच निकालात असंही आहे, की उमेदवारानं सगळं खरं लिहिलं तरी त्याला घेण्याची सक्ती नोकरी देणाऱ्यावर नाही. मुलगा म्हणाला, “म्हणजे खरं लिहूनही जाऊ शकते.” हो, जाऊ शकते. इथं माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोटा धीर द्यावासा वाटला नाही.

पूर्वचारित्र्य तपासूच नये, असं मी म्हणणार नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली शिक्षा झालेला माणूस उद्या एसटी चालवणार असेल किंवा हातात बंदूक घेणार असेल, तर मलाही ते कळायला हवं. पण मग विचारायला हवं ते वेगळंच: ती गोष्ट किती वर्षांपूर्वीची? त्यानंतर पुन्हा घडली का? आज दारू त्याच्या ताब्यात आहे की तो दारूच्या? नमुन्यात यासाठी रकाना नाही. उलट रोज रात्री झिंगून दारव्हा रस्त्यानं घरी येणारा आणि कधीच न सापडलेला माणूस त्याच रकान्यात अगदी खरेपणानं ‘नाही’ लिहितो. त्यानं काही लपवलेलंही नसतं.

२०११ साली दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंनी निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या जाँ वाल्जाँची आठवण काढली होती. पावासाठी केलेली चोरी, आणि जन्मभराचा शिक्का. न्यायालयाला कादंबरी आठवावी लागते, तिथं कायद्याची भाषा कमी पडत असणार.

मुलाला मी लिहायलाच सांगितलं. खरं लिहिणं हे त्याचं कर्तव्य, असं आपण चटकन म्हणतो. विचारणाऱ्याचं काय? ज्यानं खरं मागितलं, त्यानं ते तोलून पाहिलं पाहिजे, आणि नाकारायचं असेल तर कारण लिहून दिलं पाहिजे. त्यानं तारीख, कलम, निकाल, सगळं लिहिलं. रकाना पुरला नाही, म्हणून वेगळा कागद जोडला. पडताळणी अजून सुरू आहे. तो पहाटे धावायला जातोच.