गांवचा महजर आणि वर्गांतील मूल

गांवचा इतिहास मुलांना अस्सल कागदांवरून शिकवावा, ही कल्पना आतां कोणास नवी वाटूं नये. १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, आणि माळ्यावर धूळ खात पडलेल्या रुमालांस किंमत आली. मोडी लिपि शाळेंतून गेली हें खरें. पण बालबोध नकलेवर काम भागतें. अडचण लिपीची नाहीं, नीतीची आहे.

पानिपतच्या पत्रांतील माणसें मुलांपासून दूर असतात. गांवच्या महजरांत मात्र ज्यानें खोटें वतन सांगितलें असा आळ आहे, त्याचा वंशज पहिल्याच बांकावर बसलेला असतो. आणि फिर्यादी घराण्यांतील मुलगा त्याच्या शेजारीं! अशा वेळीं सुज्ञ पालक विचारतात कीं, जुनीं भांडणें उकरून कोंवळ्या मनांत विष कशाला कालवावें? हा आक्षेप भित्रेपणाचा म्हणून उडवून लावणें योग्य नव्हे. गांवांत माणसांना उद्यांही एकमेकांचें तोंड पाहावयाचें असतें.

परंतु शिवेच्या तंट्याचें उदाहरण घ्या. दोन गांवांत शिवेचा वाद पडला म्हणजे महाराच्या साक्षीला मोठें वजन असे. त्यानें शीव चालून दाखवावी व गांवानें ती मानावी. ज्याला पाणवठ्यावर जाण्याची मनाई, त्याच्याच इमानावर गांवची जमीन! असा कागद वाचतांच एखादें मूल विचारील, “मग त्याला पाणी कां भरूं देत नव्हते?” हाच प्रश्न १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर शहाण्यासुरत्या माणसांपुढें मांडावा लागला. शिक्षकानें जर तेवढ्या ओळी गाळल्या, तर मुलाचा प्रश्नच त्यानें चोरला असें मी म्हणेन. वतनाच्या लोभानें बनावट कागद करणारे पूर्वीं थोडे नव्हते. त्यांच्यांत आणि सद्धेतूनें ओळी गाळणाऱ्या गुरुजींत मला फारसें अंतर दिसत नाहीं.

मात्र कागद म्हणजे निकाल नव्हे, हेंही त्याच तासाला शिकविलें पाहिजे. महजर कोणाच्या तरी गरजेनें झालेला असतो. तो कोणीं मागितला? खालीं नांगराची निशाणी आहे, ती करणाऱ्यास वर काय लिहिलें आहे तें वाचतां येत होतें काय? गांवांतील बायका कोठें आहेत? ज्या मुलाच्या पूर्वजावर आळ आहे, त्याला असे प्रश्न विचारण्याचा सर्वांत मोठा हक्क आहे, आणि बहुधा तोच ते नेमके विचारतो.

राहतां राहिला खासगी रुमालांचा प्रश्न. ते घरच्यांच्या संमतीवांचून वर्गांत उघडूं नयेत; नको म्हटल्यास मुकाट्यानें बांधून परत द्यावेत. सरकारी दप्तरांतल्या कागदाला मात्र ही सवलत देण्याचें कारण मला दिसत नाहीं, मग त्यांत खुद्द गुरुजींच्या आजोबांचें नांव कां असेना.